सरकारला अडवणारं कोण? मर्यादित आणि अमर्याद सत्ता वर्गात शिकवण्याची पद्धत

आठवी-नववीच्या उत्तरपत्रिकांत एक वाक्य हमखास येतं: ‘लोकशाहीत सरकार मर्यादित असते व राजेशाहीत अमर्याद असते.’ त्याला बरोबरची खूण मिळते आणि विषय तिथेच मिटतो. पण ब्रिटनमध्ये राजा आहे आणि सरकार मर्यादित आहे. उलट मार्च १९३३ मध्ये जर्मनीच्या संसदेनं मतदान करूनच कायदे करायचा अधिकार हिटलरच्या मंत्रिमंडळाला देऊन टाकला होता. त्यामुळे ते वाक्य पाठ करणारं मूल काही शिकलेलं नसतं.

दुसरी चूक जास्त चिवट आहे. मर्यादित म्हणजे चांगलं नाहीतर लेचंपेचं, आणि अमर्याद म्हणजे वाईट नाहीतर कडक, असं मुलं धरून चालतात. मग जून-जुलैत मासेमारीबंदी घालून होड्या किनाऱ्यावर ओढायला लावणारं सरकार कोकण किनाऱ्यावरच्या मुलांना ‘अमर्याद’ वाटतं, कारण ते घरच्या धंद्याच्या आड येतं.

पुढची पद्धत या दोन चुकांवर बेतलेली आहे. ती एका प्रश्नाभोवती फिरते: सरकार नको ते करायला निघालं, तर त्याला अडवणारं कोण आहे, आणि अडवल्यावर सरकार खरंच थांबतं का? सातवीत संविधानाची ओळख झालेली असली की पुरे. तीन तासिका लागतात. त्या एकाच आठवड्यात सलग घ्या. गणपतीच्या सुट्टीच्या तोंडावर सुरू केलंत, तर सुट्टीनंतर पहिल्या तासिकेतला खेळ कुणाला आठवत नाही आणि सगळं पहिल्यापासून करावं लागतं.

तयारी: आदल्या आठवड्यात

लागणारं सामान गावातच मिळतं.

- मुलामागे दहा चिंचोके. काजूबिया वापरू नका, त्यांना भाव आहे आणि त्या परत येत नाहीत.
- वर्गाच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पुरेल एवढा सुंभ आणि कपड्यांचे चिमटे.
- जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या कागदांची कार्डं.
- घरपट्टीच्या एका पावतीची झेरॉक्स. नाव आणि घर क्रमांक झाकूनच झेरॉक्स काढा.
- ग्रामसभेच्या नोटिशीचा फोटो किंवा प्रत.

याशिवाय संविधानातले काही अनुच्छेद स्वतः मूळ शब्दांत वाचून ठेवा: १३, १४, १९, २१, २२, ३२, २२६ आणि २६५. मार्गदर्शिकेतल्या सारांशावर विसंबू नका. मुलं नेमका अपवाद विचारतात आणि सारांशात तोच गाळलेला असतो.

सावधान: गट वाडीनुसार पाडू नका. शेजारी बसलेल्यांचा गट केला तरी तो बहुतेक वेळा वाडीचाच होतो, आणि आपल्याकडे वाडी म्हटली की जात आलीच. हजेरीच्या क्रमांकावरून गट करा.

टप्पा १: चिंचोक्यांचा खेळ (पहिली तासिका)

व्याख्या फळ्यावर लिहून सुरुवात करू नका. बहुतेक ठिकाणी गाडी इथेच घसरते. व्याख्या आधी दिली की मुलं खेळातून ती व्याख्याच शोधत बसतात आणि खेळ नाटक होतो.

एक मूल ‘सरकार’ होईल. वर्गाचा मॉनिटर घेऊ नका, दांडगट मूल घेऊ नका, आणि ज्याला एरवी सगळे चिडवतात त्यालाही नको. निवडलेल्या मुलाला बाजूला घेऊन आधी सूचना द्या: घड्याळ घातलेल्यांकडून जास्त वसूल कर, एका मित्राला सूट दे, मध्येच नियम बदल. वसुलीचं कारण कधीही आडनाव, वाडी किंवा कपडे असू नये.

*पहिली फेरी.* नियम काही नाही. सरकार मागेल तेवढे चिंचोके द्यायचे. चार मिनिटांत ‘ह्यां काय खरां न्हय’ सुरू होतं. ओरड होऊ द्या, पण पाच मिनिटांपुढे जाऊ नका.

*पहिल्या फेरीचं शेपूट.* नियम अजूनही नाहीत, पण आता सरकारला गुपचूप सांगा की सगळ्यांचे चिंचोके परत कर आणि वर दोन जास्त दे. मग वर्गाला विचारा, हे सरकार आता मर्यादित झालं का? निम्मा वर्ग ‘हो’ म्हणेल. लगेच पुढचं विचारा: उद्या त्याचं डोकं फिरलं तर तुम्ही काय कराल? ही दोन मिनिटं अजिबात गाळू नका. दयाळू सरकार आणि मर्यादित सरकार यांतला फरक इथे कळला नाही, तर पुढे कुठेच कळत नाही.

*दुसरी फेरी.* फळ्यावर तीन नियम लिहा. एका वेळी दोनच चिंचोके घ्यायचे. सगळ्यांकडून सारखेच घ्यायचे. तक्रार आली तर चिठ्ठ्या टाकून निवडलेले तीन पंच निकाल देतील आणि सरकारला तो मानावा लागेल. आता सरकारला कानात सांगा की एकदा नियम मोड. सरकार शहाण्यासारखं वागलं तर ही फेरी फुकट जाते, कारण पंचांना काही कामच उरत नाही. नियम मोडला, तक्रार झाली, पंचांनी चिंचोके परत द्यायला लावले, हे तिन्ही वर्गानं पाहायला हवं.

*तिसरी फेरी.* फळ्यावरचे नियम तेच, त्यातला शब्दही पुसू नका. फक्त पंच सरकार नेमणार आणि मनात आलं की बदलणार.

तपासा: तास संपण्याआधी विचारा, दुसऱ्या आणि तिसऱ्या फेरीत नियम एकच होते, मग फरक कशात पडला? उत्तर वहीत एका ओळीत लिहून घ्या. निम्म्याहून कमी मुलांनी पंचांचं नाव काढलं असेल, तर दुसऱ्या दिवशी तिसरी फेरी पुन्हा खेळा आणि मगच पुढे जा.

चिंचोके मोजून प्रत्येकाचे दहा त्याला परत करा. लुटलेलं मूल मधल्या सुट्टीत हिशेब चुकता करतं.

टप्पा २: चार प्रश्न फळ्यावर (दुसऱ्या तासिकेची पहिली दहा मिनिटं)

खेळातून निघालेलं आता शब्दांत मांडा. चारच प्रश्न, आणि याच क्रमानं:

१. सरकारच्याही वर असलेला, सर्वांना माहीत असलेला नियम आहे का?
२. सरकारनं तो मोडला तर दाद कुठे मागायची? तो दाद घेणारा सरकारच्या मुठीत तर नाही ना?
३. निकाल सरकारच्या विरुद्ध गेला तर सरकार तो पाळतं का?
४. टीका करणारा माणूस आपल्या घरी सुखरूप राहतो का, आणि सरकार शांतपणे बदलता येतं का?

निवडणुकीचा प्रश्न चौथा आहे, तोही अर्धाच. मुलांना तो पहिला हवा असतो. देऊ नका. तो पहिला आला की बाकीचे तीन कुणी वाचत नाही.

मर्यादित सरकार आणि अमर्याद सरकार हे शब्द आत्ता, या प्रश्नांच्या खाली लिहा. पहिल्या तीन प्रश्नांना खरोखर ‘हो’ म्हणता येतं ते मर्यादितकडे, नाही म्हणावं लागतं ते अमर्यादकडे. चौथा प्रश्न पहिली तीन उत्तरं खरी आहेत का, हे पारखायला.

टप्पा ३: आधी गावचं सरकार

थेट परदेशी उदाहरणांवर उडी मारायचा मोह आवरा. प्रश्न वापरायची सवय हाताशी असलेल्या गोष्टींवर लागते.

घरपट्टीची पावती फिरवा. ग्रामपंचायत पैसे मागते, मग पहिल्या फेरीतलं सरकार आणि ती यांत फरक काय? मुलांना शोधू द्या. कायद्याच्या आधाराशिवाय कोणताही कर बसवता येत नाही, असं अनुच्छेद २६५ सांगतो. घरपट्टीचे दर राज्याच्या नियमांनी घालून दिलेल्या चौकटीतच ठरतात, आकारणीवर हरकत घेता येते, अपील करता येतं. सरपंचाला ‘यंदा त्या घराला दुप्पट’ असं म्हणायची सोय नाही. कुणी मूल म्हणेल, ‘आमच्याकडे तसंच झालं.’ त्याला गप्प करू नका, पण प्रकरणात शिरूही नका. ‘मग दाद कुठे मागता येईल?’ एवढंच विचारा.

दुसरं उदाहरण अटकेचं. पोलिसांनी अटक केली तर प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे उभं करावं लागतं, हे अनुच्छेद २२ मध्ये आहे. त्याच अनुच्छेदात प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेचा, म्हणजे गुन्हा होण्याआधीच निव्वळ शक्यतेवरून अडकवून ठेवण्याचा, अपवादही आहे. तो लपवू नका. मर्यादित सरकारकडेही असे अपवाद असतात. त्या अपवादावर पुन्हा कोण नजर ठेवतं, हा नववी-दहावीच्या मुलांना विचारण्यासारखा प्रश्न आहे.

तिसरं उदाहरण मासेमारीबंदीचं. किनाऱ्यावरच्या शाळेत सगळ्यात जास्त वेळ यालाच द्या. बंदीचा आधार महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, १९८१. कायदा विधिमंडळानं केलेला, छापलेला, कुणालाही वाचता येणारा. बंदी अन्यायाची वाटली तर मच्छीमार सोसायटी उच्च न्यायालयात जाऊ शकते, आणि न्यायालयानं आदेश रद्द केला तर खात्याला तो गुंडाळावा लागतो. म्हणजे सरकार कडक आहे आणि मर्यादितही आहे. हे वाक्य मुलांनी स्वतःच्या शब्दांत म्हणेपर्यंत पुढचं उदाहरण काढू नका.

‘न्यायालय म्हणजे मुंबईला जायचं?’ असं विचारतीलच. सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीसाठी ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापूरला आहे, रायगडकरांना मुंबईच. अंतर, वकिलाची फी, लागणारी वर्षं हे सगळं बोलू द्या. दाद मागायची वाट असणं आणि ती परवडणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे पोरांना आपल्यापेक्षा आधी कळलेलं असतं.

सावधान: पर्ससीन (मोठ्या घेराच्या जाळ्याची) विरुद्ध पारंपरिक मासेमारी, जैतापूरचा अणुप्रकल्प, नाणार-बारसूची रिफायनरी ही नावं वर्गात येणारच. दोन्ही बाजूंची मुलं समोर बसलेली असतात. कोण बरोबर हा निवाडा तुम्ही देऊ नका. कोणत्या कायद्यानं, कुठे दाद, निकाल पाळला का, एवढ्याच प्रश्नांवर चर्चा धरून ठेवा. ती हाताबाहेर जाऊ लागली तर हा विषय तिसऱ्या तासिकेनंतरसाठी राखून ठेवा आणि तसं सांगा.

टप्पा ४: सुंभावर कार्डं (दुसऱ्या तासिकेचा उरलेला वेळ)

फळ्याचे दोन भाग करून ‘मर्यादित’ आणि ‘अमर्याद’ असे रकाने आखायची पद्धत सोडा. दोन रकाने दिले की मुलं प्रत्येक देश कुठल्यातरी खणात कोंबतात आणि मधलं सगळं हरवतं. सुंभ भिंतीपासून भिंतीपर्यंत बांधा. एक टोक पूर्ण अमर्याद, दुसरं पूर्ण मर्यादित. गटानं कार्ड चिमट्यानं लावायचं आणि चारपैकी कोणत्या प्रश्नामुळे तिथे लावलं ते सांगायचं. कारणाशिवाय लावलेलं कार्ड परत.

पुढची कार्डं मुद्दाम अडखळायला लावणारी आहेत.

*ब्रिटन.* राजा आहे, एकसंध लिखित राज्यघटना नाही. मुलं अमर्यादकडे धावतात. न्यायालयं सरकारविरुद्ध निकाल देतात, सरकार ते मानतं, पंतप्रधान बदलतो. पहिला प्रश्न मुद्दाम ‘लिखित नियम’ असा ठेवलेला नाही, तो याचसाठी.

*उत्तर कोरिया.* राज्यघटना आहे, तिच्यात भाषणस्वातंत्र्यही लिहिलंय. पहिल्या प्रश्नावर फसलेला गट दुसऱ्यावर सावरतो. ‘ही आपली तिसरी फेरी,’ असं कुणीतरी ओरडलं की समजा तास सार्थकी लागला.

*गोव्यातली पोर्तुगीज राजवट.* सावंतवाडी-दोडामार्गच्या मुलांना हे घरचंच वाटतं. हुकूमशहा सालाझारच्या पोर्तुगालला १९३३ ची राज्यघटना होती. तरी जून १९४६ मध्ये मडगावला सभा घेतली म्हणून राममनोहर लोहियांना पकडलं. कागद होता, अडवणारं कुणी नव्हतं.

*थिबा राजा.* रत्नागिरीच्या मुलांनी राजवाडा पाहिलेला असतो. ब्रह्मदेशात तो अमर्याद सत्ताधीश होता, ते कार्ड सहज लागतं. लगेच दुसरं कार्ड द्या: त्याला पदच्युत करून कोणताही खटला न चालवता १९१६ ला मरेपर्यंत रत्नागिरीत ठेवणारं ब्रिटिश सरकार. स्वतःच्या देशात मर्यादित असलेलं सरकार इथे कुठे लावायचं? गटांत भांडण होईल, होऊ द्या. एकच सरकार कुणाच्या बाबतीत वागतंय यावर त्याची जागा बदलू शकते, हे मोठ्या माणसांनाही पटकन सुचत नाही.

*कुवेत.* १९६२ ची राज्यघटना, निवडून येणारी संसद. मे २०२४ मध्ये अमीरांनी संसद विसर्जित केली आणि राज्यघटनेतली काही कलमं चार वर्षांपर्यंत स्थगित केली. हे कार्ड सुंभाच्या मधोमधून सरकवत न्यायला लावा.

*सौदी अरेबिया.* चुणचुणीत मूल म्हणेल, तिथे राजाच्याही वर धर्माचा नियम आहे, मग पहिल्या प्रश्नाला ‘हो’ आलं. बरोबर आहे, तसं मान्य करा. मग दुसरा प्रश्न: राजानं तो नियम मोडला की नाही हे कोण ठरवणार? न्यायाधीश राजा नेमतो, शूरा परिषदेचे सदस्यही तोच नेमतो आणि परिषद फक्त सल्ला देते.

सावधान: किनारपट्टीत आखाती देशांत वडील किंवा मामा असलेली मुलं प्रत्येक वर्गात निघतात, आणि घर तिथल्या पैशावर चालतं. देश, धर्म, तिथली माणसं यांवर शेरा येऊ देऊ नका. बोलायचं ते फक्त चार प्रश्नांवर. ‘तिकडे रस्ते बघा, शिस्त बघा’ असंही कुणी म्हणेल. त्याला पहिल्या फेरीच्या शेपटाची आठवण द्या.

*खोत.* हे फसवं कार्ड आहे. मुलं घरी ऐकलेल्या गोष्टींवरून खोताला अमर्यादच्या टोकाला टांगतात. पण खोत म्हणजे सरकार नव्हे. सारा गोळा करायचा हक्क त्याला सरकारकडून मिळालेला होता आणि १९४९ च्या कायद्यानं खोती गेली. कार्ड सुंभावर लागतच नाही, हे गटानं ओळखायला हवं. पुढे विचारा: खोत कुळाकडून वेठ घ्यायचा तेव्हा त्याला अडवायचं काम कुणाचं होतं? मर्यादित सरकार म्हणजे काहीच न करणारं सरकार, हा गैरसमज इथे सुटतो.

तपासा: सुंभाच्या मधल्या भागात निदान दोन कार्डं आहेत का? सगळी टोकांनाच लटकली असतील, तर गट प्रश्न वापरत नाहीत, आवडनिवड वापरतायत.

टप्पा ५: भारताचं कार्ड (तिसरी तासिका)

भारताचं कार्ड मुद्दाम शेवटी. मुलं ते टाळ्या वाजवत मर्यादितच्या टोकाला लावतील. लावू द्या. मग २५ जून १९७५ ला जा आणि प्रश्न पुन्हा एकेक करून विचारा.

पहिला: संविधान होतं, आणि आणीबाणी त्यातल्याच अनुच्छेद ३५२ खाली लागली. दुसरा: अटक झालेल्यांचा न्यायालयात जायचा हक्क स्थगित झाला. काही उच्च न्यायालयांनी तरीही दाद घेतली, पण एप्रिल १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं चार विरुद्ध एक असा निकाल सरकारच्या बाजूनं दिला. तो एक म्हणजे न्यायमूर्ती ह. रा. खन्ना. तिसऱ्या प्रश्नाला इथे अर्थच राहत नाही, का ते मुलांना सांगू द्या. चौथा: वृत्तपत्रांवर सेन्सॉर, लोकसभेची मुदत वाढवलेली, विरोधक तुरुंगात. राजापूर मतदारसंघाचे खासदार मधु दंडवतेही आत होते. कोकण रेल्वेमुळे ज्यांचं नाव मुलांच्या कानावर असतं, तेच हे दंडवते.

कार्ड किती सरकवायचं हे वर्ग ठरवेल. मग पुढचे तीन धक्के द्या. मार्च १९७७ च्या निवडणुकीत सत्ताधारी हरले आणि पायउतार झाले. दंडवते राजापुरातून पुन्हा निवडून आले. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीनं ठरवलं की आणीबाणीतही अनुच्छेद २० (शिक्षेबाबतचं संरक्षण) आणि २१ (जीवित व व्यक्तिस्वातंत्र्य) यांचा आधार स्थगित करता येणार नाही. आणि १९७६ चा तो निकाल सर्वोच्च न्यायालयानंच २०१७ मध्ये मोडीत काढला. प्रत्येक धक्क्याला कार्ड हलवायचं.

दहावीच्या वर्गात कुणीतरी विचारतं, मग न्यायालयाला कोण अडवणार? थोडक्यात उत्तर द्या: न्यायालयाच्या हातात तिजोरी नाही, फौज नाही, न्यायाधीशाला संसद ठरावीक मार्गानं दूर करू शकते, संसद घटनादुरुस्तीही करू शकते, मात्र १९७३ च्या केशवानंद भारती निकालानंतर मूलभूत चौकटीला हात लावता येत नाही. तो निकाल तेरा न्यायाधीशांत सात विरुद्ध सहा असा लागला, एवढं सांगितलंत तरी मुलं पुढचं स्वतः शोधतात.

‘आणि आत्ताचं सरकार?’ हाही प्रश्न येईल. उत्तर तुमचं नको. चार प्रश्नांसाठी चार बातम्या मुलांनी वर्तमानपत्रांतून आणायच्या, दोन सरकारच्या बाजूनं लागलेल्या निकालांच्या, दोन विरुद्ध. कार्ड तेच लावतील.

टप्पा ६: लिहून घेणं

‘फरक स्पष्ट करा’ असा प्रश्न देऊ नका, त्याला पाठ केलेला तक्ताच येतो. त्याऐवजी एक कल्पित देश द्या: राजा प्रेमळ आहे, शिक्षण फुकट आहे, राज्यघटना सुंदर छापलेली आहे, न्यायाधीश राजा नेमतो आणि काढतो. सुंभावर कुठे, आणि कोणत्या प्रश्नामुळे?

गुण देताना जागेला एक, कारणाला तीन. ‘राजा आहे म्हणून अमर्याद’ या उत्तराला जागेचा एकच गुण. ‘न्यायाधीशाला राजा काढू शकतो, म्हणून राजाविरुद्ध निकाल टिकणार नाही’ याला पूर्ण. एखाद्यानं कार्ड थोडं मधे लावून राज्यघटनेचा आधार दिला, तर त्यालाही पूर्ण गुण द्या.

गैरहजर मुलांना तक्ता उतरवायला लावू नका. त्यांना तिसऱ्या फेरीचं वर्णन सांगायचं काम वर्गातल्याच दोघांना द्या आणि मग हाच कल्पित देश त्यांच्यापुढे ठेवा. ज्याची वही अजूनही ‘लोकशाहीत मर्यादित असते’ या वाक्यानं सुरू होते, त्याची वही दुसरा प्रश्न समासात लिहून परत करा. गुण पुन्हा लिहून आणल्यावर.